ठाणें-कल्याणचे तीन प्रसंग आणि शौर्याचें मोजमाप

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यापासून राजवाड्यांपर्यंत अनेकांनीं त्यांतील उणिवा दाखविल्या असून त्यांची पुनरुक्ति येथें करावयाची नाहीं. त्या आक्षेपांचा संबंध मुख्यतः साधनांशीं व घटनांच्या खरेखोटेपणाशीं आहे. परंतु इतिहासकार घटना सांगतो, तसाच माणसांचा न्यायही करितो. शूर कोणास म्हणावें, भ्याड कोणास म्हणावें आणि कोणाविषयीं मौन धरावें, हा न्याय त्याच्या विशेषणांत व नामनिर्देशांत लपलेला असतो. तो तपासून पाहण्यास ठाणें व कल्याण येथील तीन प्रसंग पुरेसे आहेत.

पहिला प्रसंग १७३७ चा. मराठ्यांनीं साष्टींत प्रवेश केला, तेव्हां ठाण्याच्या किल्ल्याचें बांधकाम अपुरें होतें. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा मुख्य अधिकारी लुईश बोतेल्यु हा बहुतेक फौज घेऊन करंजास निघून गेला, आणि अपुऱ्या तटाचें रक्षण हाताखालच्या अधिकाऱ्यावर व थोड्या शिबंदीवर पडलें. ठाणें गेलें. त्यानंतर बोतेल्युच्या जागीं दुसरा सेनानी नेमण्यांत आला. आमच्याकडील लेखक हा प्रसंग फिरंग्यांच्या भ्याडपणाचा दाखला म्हणून सांगतात. पण येथें माणसें दोन प्रकारचीं आहेत. निघून जाण्याचा अधिकार ज्याच्या हातीं होता तो गेला. ज्यांच्या हातीं तो नव्हता ते मागें राहिले. दोघांस एकाच विशेषणाखालीं घालणें हा न्याय नव्हे.

दुसरा प्रसंग याच किल्ल्याचा, १७७४ च्या डिसेंबरांतील. या वेळीं तटाच्या आंत मराठे होते व बाहेर जनरल गॉर्डनच्या हाताखालील इंग्रज. इंग्रजी वृत्तांतावरून असें दिसतें कीं, वेढ्यापूर्वीं किल्लेदाराशीं किल्ला विकत घेण्याचीं बोलणीं चाललीं होतीं आणि १,२०,००० रुपये हा आंकडाही ठरत आला होता. तेवढ्यांत ५०० माणसांची कुमक किल्ल्यांत आली व सौदा फिसकटला. ही हकीकत शत्रुपक्षाची आहे. मराठी कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत ती सावधपणें घ्यावी. तथापि पुढें जें घडलें त्याविषयीं शंका नाहीं. खंदक भरण्याचा इंग्रजांचा पहिला प्रयत्न शिबंदीनें मोठ्या नुकसानीसह परतविला. इंग्रज आरमाराचा अधिकारी कमोडोर वॉटसन या वेढ्यांत प्राणघातक जखमी झाला. २८ डिसेंबर रोजीं किल्ला हल्ला करून घेतला गेला, आणि आपल्या हानीनें संतापलेल्या सैनिकांनीं शिबंदींतील बहुतेक लोक कापून काढिले.

डफच्या इतिहासांत या कत्तलीचा निर्देश आहे, तो त्यानें दडविलेला नाहीं; हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण तो निर्देश एका वाक्यांत आटोपतो. ज्यांनीं खंदकावरील हल्ला परतविला त्या शिपायांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नाहीं.

आतां तिसरा प्रसंग पाहावा. १७८० च्या मे महिन्यांत कॅप्टन रिचर्ड कँबेल यानें कल्याण घेतलें. मराठ्यांच्या हातीं फाइफ नांवाचा इंग्रज अधिकारी व त्याचे सोबती सांपडले होते. डफ सांगतो कीं, कल्याण न सोडल्यास या कैद्यांस ठार मारूं, असा धमकीचा मजकूर मराठ्यांनीं त्या कैद्याच्याच हातून लिहविला. कँबेलनें तो मानला नाहीं. नानास गांव घेतां येत असेल तर त्यानें खुशाल घ्यावें, अशा अर्थाचें उत्तर धाडिलें आणि कर्नल हार्टलीची कुमक येईपर्यंत ठाणें राखिलें. येथें डफची लेखणी खुलते. नांव येतें, उत्तर येतें, प्रसंगाचा ताण येतो. कँबेलचें धैर्य खरें आहे व तें मान्य करण्यास मराठी वाचकानें संकोचूं नये. कैद्यांच्या जिवावर केलेली धमकी आपल्या पक्षाची म्हणून तिच्यावर पांघरूण घालणें हेंही योग्य नाहीं. आक्षेप इतकाच कीं, सहा वर्षांपूर्वीं त्याच मुलखांत, तशाच तटामागें, तितक्याच निर्धारानें लढलेल्या माणसांच्या वांट्यास एक वाक्य यावें आणि कँबेलच्या वांट्यास सबंध प्रसंग, हें माप एक नव्हे.

हा दोष परक्या इतिहासकाराचाच आहे, असें समजून समाधान मानण्याचें कारण नाहीं. आमच्या बखरींत सरदार नांवानें येतात आणि पडलेले शिपाई ‘इतके असामी’ म्हणून येतात. विराटपर्वांतील कथा येथें आठवते. अंतःपुरांत बढाई मारणारा उत्तर कौरवसेना पाहतांच रथांतून उडी टाकून पळाला. त्यास बृहन्नडेनें ओढून आणिलें व युद्ध जिंकिलें. राजसभेंत मात्र विराट पुत्राचेंच यश गाऊं लागला, आणि बृहन्नडेचें नांव घेणाऱ्या कंकाच्या तोंडावर त्यानें फांसा फेंकून मारला. यश कोणाचें तें राजसभेस ठाऊक नसतें असें नाहीं. पुष्कळदां तें तिला ऐकावयाचें नसतें.

राजसभा आणखी एक गोष्ट करिते. ठाणें पडल्यास सत्तर दिवसही लोटले नव्हते, तोंच ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेच्या तहानें रघुनाथरावानें साष्टी व वसई इंग्रजांस लिहून दिली. हींच स्थळें त्याचे चुलते चिमाजी आप्पा यांनीं मिळविलीं होतीं, आणि डफच्याच म्हणण्याप्रमाणें एकट्या वसईच्या वेढ्यांत मराठ्यांचे पांच हजारांवर लोक कामास आले वा जखमी झाले होते. दोष एकट्या रघुनाथरावाचा म्हणावा, तर १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहांत पुणें दरबारानेंही साष्टी इंग्रजांकडे राहूं दिली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहांत वसई परत आली तरी साष्टी आली नाहीं. राज्यकारभारांत असे त्याग अपरिहार्य होत असतील. पण ज्या जागेसाठीं माणसें मेलीं ती जागा कलमानें सोडून दिली, म्हणजे त्या माणसांचें स्मरण अडचणीचें होतें व दरबारी लेखक तें टाळूं लागतो. १७७४ च्या शिबंदीविषयींच्या मौनाचें एक कारण येथें असावें, असा आमचा तर्क आहे.

याच्या उलट दाखलाही याच प्रांतांत आहे. १७३९ च्या मे महिन्यांत वसई शरण आली तेव्हां चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीज शिबंदीस हत्यारें घेऊन, निशाणें फडकावीत व वाद्यें वाजवीत बाहेर पडूं दिलें. ज्यानें स्वतः वेढ्याची झीज सोसली, त्यास समोरच्याच्या टिकावाची किंमत कळली होती. भ्याडपणाचा शिक्का सहसा रणांत तयार होत नाहीं. तो रणापासून दूर बसलेल्यांच्या दौतींतून निघतो.

मग शौर्याचें मोजमाप कशानें करावें? पक्ष पाहून नव्हे, जयापजय पाहूनही नव्हे. निघून जाण्याची वाट मोकळी असतां कोण राहिला, आणि ती मोकळी नसतां कोणी आपलें काम सोडलें नाहीं, हे दोन प्रश्न प्रत्येक प्रसंगास विचारावे. ते विचारले म्हणजे बोतेल्यु व त्याची शिबंदी, सौदा करणारा किल्लेदार व खंदकावर मेलेला शिपाई, कल्याणचा कँबेल व वसईचे पोर्तुगीज, हे सर्व आपापल्या जागीं बसतात.

संग्राहकांस एक विनंती करून हा लेख पुरा करितों. मोहिमेचीं पत्रें सर्वांस हवीं असतात. हजिरीपट, जखमींच्या यादी व बालपरवेशीचे कागद रद्दींत जातात. रणांत पडलेल्यांच्या मुलाबाळांस सरकारांतून जी नेमणूक मिळे, ती बालपरवेशी. तिच्या कागदांत मेलेल्याचें नांव, त्याचें गांव व वारस असतो. बखरीनें गाळलेलीं नांवें सांपडलींच तर तेथेंच सांपडतील. ठाण्याच्या किल्ल्यांत आज कारागृह आहे. तेथें पडलेल्यांचीं नांवें शोधावयाचीं, तर तीं ठाणें-कल्याण प्रांतांतील जुन्या घरांच्या दप्तरांतच शोधलीं पाहिजेत.