युद्धखेळातील सैनिकमूर्ती आणि विशेषनाम

टेबलावर मांडावयाच्या युद्धखेळात धातूचे वा प्लॅस्टिकचे लहान सैनिक वापरले जातात. त्यांपैकी एखाद्यास आपल्या आजोबांचे वा पणजोबांचे नाव देऊन, त्यांच्या पलटणीची चिन्हे व हुद्दा रंगवून, त्यास रणांगणावर उतरविण्याची प्रथा ब्रिटनमधील खेळाडूंत आढळते. तीकडे बहुधा कौटुंबिक जिव्हाळ्याचा आविष्कार म्हणूनच पाहिले जाते. परंतु नामकरण ही मुळात भाषिक क्रिया होय. म्हणून भाषेच्या अंगानेही तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकातील खेळात एक मूर्ती म्हणजे एक सैनिक, असा सरळ हिशेब आहे. खेळण्यातल्या तोफेच्या माऱ्याने जो आडवा होईल, तो मेला. पुढे मोठ्या लढायांसाठी ज्या नियमावल्या रचल्या गेल्या, त्यांपैकी अनेकींत हा हिशेब पालटला. एक मूर्ती वीस वा त्याहून अधिक माणसांच्या जागी उभी राहू लागली. पहिल्या प्रकारातील मूर्ती विशेषनाम सहज धारण करते. दुसऱ्या प्रकारात ती समूहवाचक नामासारखी असते. तिला एकाच पूर्वजाचे नाव दिले की उरलेले एकोणीस जण नावाच्या आड जातात.

ही हानी केवळ तात्त्विक नाही. पहिल्या महायुद्धात एकाच गावचे शेजारी, सहकारी व भाऊ यांना एकत्र भरती करून ब्रिटनमध्ये ज्या पलटणी उभारल्या गेल्या, त्यांत अ‍ॅक्रिंग्टनची पलटण प्रसिद्ध आहे. १ जुलै १९१६ रोजी सेर या गावापुढे तिचे सुमारे ७०० जण चालून गेले. त्यांपैकी ५८४ मृत, जखमी वा बेपत्ता झाले. तेथे नाव एका घरचे, पण दुःख साऱ्या गावाचे होते. नामांकित मूर्तीला हे दुसरे सत्य सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. सप्टेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांच्या सेवापत्रांचा मोठा भाग लंडनमध्ये जळून गेला. त्यामुळे कित्येक घराण्यांपाशी नाव, क्रमांक व पदक एवढेच उरते. बाकीचे कुंचला भरून काढतो. मराठीत ‘तो तेथे होता’ आणि ‘तो तेथे असावा’ यांतील अंतर क्रियापदाचे रूपच दाखविते. रंगाला विध्यर्थ नाही. रंगविलेले अनुमान पाहणाऱ्यास सिद्ध वस्तुस्थितीसारखेच दिसते, आणि घरातील पुढची पिढी त्यालाच इतिहास मानू लागते.

तथापि एवढ्यावरून ही प्रथा त्याज्य ठरविणे न्याय्य होणार नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या मोहिमेत मरण पावलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्यावर भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदविण्यात आली. ज्यास दगडाने संख्यावाचक विशेषण केले, त्या शिपायाच्या वंशजाने बोटभर मूर्तीस त्याचे नाव दिले, तर त्यास भावविवशता म्हणता येईल काय? तेथे ते नाव इतरांना झाकीत नाही, कारण झाकण्याजोगे दुसरे नाव तेथे नसतेच. उलट संख्या ही माणसांची होती, याचे ते स्मरण देते.

सारांश, नामकरणाचे मूल्य त्या नावाने काय उघड होते व काय झाकले जाते, यावर ठरते. एका माणसाच्या जागी एकच मूर्ती असलेल्या खेळात ते अधिक सयुक्तिक आहे. शिवाय मूर्तीच्या बैठकीखाली ज्ञात काय व कल्पित काय याची दोन ओळींची नोंद असावी. रंगाला जे सांगता येत नाही, ते सांगण्याचे काम अखेर भाषेकडेच येते.