वसंतांतील कुरव

पीटर हॅरिसन यांचा ‘सीबर्ड्स’ (१९८३) हा ग्रंथ चाळतांना त्यांतील उडत्या पक्ष्यांचीं चित्रें आम्हांस विशेष मोलाचीं वाटलीं. हिंवाळ्यांत कुरवाचें डोकें पांढरें, कानामागें एक डाग. फाल्गुन-चैत्रांत तें तपकिरी होऊं लागतें, आणि कोंकणच्या किनाऱ्यावर एकाच थव्यांत दोन्ही वेष दिसतात. तेव्हां डोक्यावर भिस्त ठेवणारा हटकून फसतो. पंख मात्र ऋतु पाळीत नाहींत: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखाग्रांत पांढरे ठिपके असतात, काळ्या डोक्याच्यांत ते नसतात. (त्या ‘काळ्या’चें डोकेंहि वस्तुतः तपकिरीच!) आमची तक्रार एकच. अखिल जगाचे समुद्रपक्षी एका ग्रंथांत कोंबल्यामुळें मालवणच्या वाचकास आपले चार कुरव शोधण्यासाठीं फार पानें उलटावीं लागतात.