धान्यकणांचे संगणकीय प्रतिरूप : स्थैर्य आणि सत्य

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुका हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. मराठवाड्यात ज्वारी साठविण्याची जुनी रीत म्हणजे पेव. तोंड अरुंद, पोट रुंद आणि भिंती जमिनीच्याच. अशा पेवातील दाणे भिंतीवर किती दाब देतात आणि उपसा होताना कसे सरकतात, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु कणसमूहांच्या पदार्थविज्ञानात तो कठीण गणला जातो. आज तो संगणकाकडे सोपविता येतो. मात्र गणित चालू असताना प्रतिरूपातील दाणे एकाएकी उधळून पेवाबाहेर फेकले जातात, असा अनुभव अभ्यासकांना वारंवार येतो. त्यावर जे उपाय सर्रास योजले जातात, त्यांची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

या गणनपद्धतीची मांडणी कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली केली. प्रत्येक दाणा स्वतंत्र मानावयाचा. दोन दाणे भिडले म्हणजे ते एकमेकांत किंचित शिरतात असे समजून त्या प्रमाणात प्रतिबल काढावयाचे. आणि अल्पशा कालपदाने सर्वांना पुढे सरकवावयाचे. यामागील गृहीतक असे की, एका कालपदात कोणताही क्षोभ लगतच्या दाण्यापलीकडे पोचू नये. हे गृहीतक मोडले की गणित अस्थिर होते.

एक उदाहरण घेऊ. ज्वारीचा दाणा ४ मिलिमीटर व्यासाचा व ३५ मिलिग्रॅम वजनाचा मानला आणि स्पर्शाची ताठरता मीटरला १ लाख न्यूटन धरली, तर दोन दाण्यांची टक्कर सुमारे ४२ मायक्रोसेकंदांत आटोपते. तिचे वीस भाग पाडावयाचे तर कालपद २ मायक्रोसेकंदांचे येते, म्हणजे एका सेकंदासाठी ५ लाख पदे. हा खर्च टाळण्याच्या मोहात अस्थैर्याचे एक मूळ आहे.

दुसरे मूळ आरंभीच्या मांडणीत असते. दाणे यदृच्छेने पेरताना दोन दाणे व्यासाच्या दहाव्या हिश्शाने एकमेकांत शिरलेले राहिले, तर वरील ताठरतेने साठलेली ऊर्जा त्यांना प्रत्येकी सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने दूर फेकते. येथे कालपद कितीही लहान केले तरी व्यर्थ. कारण दोष गणनेचा नसून मांडणीचा आहे. शेजारी दाण्यांची यादी वेळेवर न बदलल्यासही हेच घडते. नोंद नसलेला शेजारी आत शिरतो आणि उशिरा ध्यानात येतो.

कारणे अशी भिन्न असताना उपाय मात्र पुष्कळदा एकच केला जातो : अवमंदन वाढविणे. दाणे शांत होतात, हे खरे. परंतु वेगाच्या प्रमाणात सर्वत्र विरोध लावला की दाणा हवेतून नव्हे, काकवीतून पडू लागतो. हा विरोध दर सेकंदास १० या गुणांकाचा असेल, तर मोकळा पडणारा दाणाही सेकंदाला १ मीटरहून अधिक वेग गाठू शकत नाही. अशा प्रतिरूपावरून उपशाचा वेग सांगणे निरर्थक होय. शिवाय स्पर्शातील अवमंदन फार वाढविल्यास सुरक्षित कालपद उलट आखूडते. म्हणजे औषधच रोग वाढविते.

ताठरता घटविण्याचा उपाय तुलनेने समर्थनीय आहे, पण मर्यादेत. ती शतांश केली तर कालपद दसपट होते. तथापि १० किलोपास्कल दाबाखाली दाणे एकमेकांत व्यासाच्या ४ टक्के शिरतात. दाणा कठीण असल्याचे गृहीतकच तेथे ढिले पडते.

लॅम्प्स या आज्ञावलीत एका पदात दाण्याने किती हालावे यावर बंधन घालण्याची सोय आहे. आरंभीचा शिरकाव सोडविण्यासाठी ती उपयुक्त ठरते. तेच बंधन पुढे कायम ठेवले, तर ऊर्जेचा हिशेब जुळत नाही आणि चूक मात्र झाकली जाते.

यास्तव उपायाआधी निदान हवे. प्रथम दोनच दाण्यांची टक्कर तपासावी. मग कालपद निम्मे करून उत्तर बदलते का ते पाहावे, आणि एकूण ऊर्जेचा जमाखर्च ठेवावा. त्यानंतर पेवाऐवजी सरळ, उंच कोठी घेऊन जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली दाखविलेली गोष्ट प्रतिरूपात उतरते का, याची परीक्षा घ्यावी : भिंतींचे घर्षण भार उचलत असल्याने एका खोलीनंतर तळाचा दाब वाढेनासा होतो. दाणे कसे बसले यावर हे घर्षण अवलंबून असते. म्हणून भरताना लावलेले कृत्रिम अवमंदन येथेही उत्तरात डोकावू शकते.

कोठीच्या भिंती किती जाड असाव्यात हे अशा आकड्यांवरून ठरणार असेल, तर शांत दिसणारे चुकीचे प्रतिरूप हे उधळलेल्या प्रतिरूपाहून अधिक घातक होय. उधळलेले प्रतिरूप निदान आपला दोष उघड करते.