मातृभाषा आणि वाद्यशिक्षण : सुझुकींच्या उपमानाचा विचार

शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) या जपानी व्हायोलिनशिक्षकाची शिक्षणपद्धती एका उपमानावर उभी आहे. प्रत्येक जपानी मूल जपानी भाषा सहज बोलू लागते. मग त्याच मार्गाने त्यास व्हायोलिन का येऊ नये, असा त्यांचा प्रश्न. १९६६ साली जपानीत व १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मपर ग्रंथाचे मध्यवर्ती सूत्र हेच होय.

या सूत्रातून निघालेले नियम सुज्ञपणाचे आहेत. मुलाने रचना वारंवार ऐकावी. प्रथम आईने वाद्य हाती घ्यावे. मुलाच्या मनात ओढ उत्पन्न झाल्यावरच ते त्याच्या हाती द्यावे. स्वरलेखनाचे वाचन मागाहून यावे. जुनी रचना नव्या रचनेसाठी टाकून देऊ नये. श्रवण आधी व वाचन नंतर हा क्रम भाषेच्या अनुभवाशी जुळणारा आहे, यात संशय नाही.

तथापि भाषा येणे म्हणजे ऐकलेले बिनचूक परत म्हणणे नव्हे. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये रचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते भाषेशी खेळते. रूथ वीअर या संशोधिकेने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या सुमारे अडीच वर्षांच्या मुलाची झोपेपूर्वीची स्वगते अभ्यासिली आहेत. खोलीत श्रोता नाही, मागावयाचे काही नाही. तरी मूल एका शब्दाच्या जागी दुसरा घालून पाहते, ध्वनी उलटसुलट करते. हा सराव कोणी लावून दिलेला नसतो. सुझुकींच्या उपमानात श्रवणास व आवृत्तीस स्थान आहे, परंतु या एकांतातील खेळास पुरेसे स्थान नाही. त्यांच्या पहिल्या पाठातील सुपरिचित बालगीताची निरनिराळ्या लयबंधांतील रूपे या दिशेने जातात खरी. पण ती रूपेही शिक्षकानेच बांधून दिलेली असतात.

उपमानाचा हा उणा भाग तबल्याच्या शिक्षणात अधिक स्पष्ट दिसतो. तेथे बोल हातापूर्वी जिभेवर येतात; म्हणून वाद्य जवळ नसतानाही मूल ‘तिरकिट’ घोळवू शकते. शिवाय बोलांची घडण त्याच्या भाषेतील वर्णव्यवस्थेशी संवादी असते. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा थांबतो, तेव्हा ‘धा’चा ‘ता’ व ‘धिं’चा ‘तिं’ होतो. म्हणजे घोष वर्णाच्या जागी अघोष वर्ण येतो. हा भेद मराठी मुलाच्या कानाला उपजत नसला तरी परिचित असतो. येथे मातृभाषा ही केवळ उपमान राहत नाही, ती प्रत्यक्ष साहाय्य करते.

कायद्याचे पलटे हे याचे पुढचे पाऊल होय. कायद्यातील बोल तेवढेच घ्यावयाचे, तालाचे बंधन पाळावयाचे, आणि मांडणी मात्र फिरवावयाची. मर्यादित घटकांतून नवी रचना सिद्ध करण्याची ही क्रिया वाक्यरचनेच्या जवळची आहे. अर्थात पलट्यास अर्थ नसतो, त्यामुळे साम्य येथेच थांबते. आणि पलटेही पाठ करून घेण्याचा प्रघात मोठा असल्याने परंपरेची थोरवी गाण्याचेही कारण नाही. गुरूने दिलेले दहा पलटे म्हणणारे मूल आणि अकरावा स्वतः जुळवू पाहणारे मूल यांत अंतर आहे. त्या अकराव्यात चूक असेल, तो समेवर येणारही नाही. परंतु वाद्य त्याला आपले वाटू लागले याची ती खूण होय.

वाद्यात मुलास आनंद कधी वाटू लागतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ पद्धतीचा नाही. बिनचूक वादन हीच एकमेव कसोटी मानल्यास हा खेळ चूक म्हणून दडपला जातो, आणि शिकवणी संपताच वाद्य गवसणीत जाते. सुझुकींनी मातृभाषेचा दाखला दिला, हे योग्यच झाले. मात्र तो दाखला पुरता मानावयाचा, तर बोबडे बोलण्याचा जो अधिकार घरात प्रत्येक मुलास मिळतो, तोच वाद्यापाशीही त्यास द्यावा लागेल.