अभियंत्यांचे इंग्रजी आणि अनुवादाची अनुपस्थिती : एका अभ्यासक्रमाचे वाचन

अभ्यासक्रमाची रूपरेषा ही संहिता म्हणून वाचण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. मंडळाच्या बैठकीत ती संमत होते, परिशिष्टात छापली जाते आणि प्रश्नपत्रिका काढण्याच्या वेळी तेवढी उघडली जाते. वास्तविक भाषेच्या अभ्यासक्रमात काय घेतले आणि काय वगळले यातून भाषेविषयीची एक संपूर्ण धारणा व्यक्त होत असते. ही धारणा क्वचितच उच्चारली जाते, म्हणूनच तिची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत निबंधात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभियांत्रिकी पदवीच्या आदर्श अभ्यासक्रमातील इंग्रजी या विषयाचे वाचन करावयाचे आहे. हा अभ्यासक्रम नमुन्यादाखल आहे. विद्यापीठे त्यात आपापल्या परीने फेरफार करतात. तथापि नमुन्याचा ठसा दूरवर उमटतो, आणि तो ठसा कोणत्या भाषादृष्टीचा आहे हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने विचारावयास हवा.

आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास प्रात्यक्षिक आणि तीन श्रेयांक अशी या विषयाची मांडणी आहे. घटक सहा : शब्दसंपदा, लेखनाची प्राथमिक कौशल्ये, लेखनातील सर्वसामान्य चुका, विचारपूर्वक लेखनाचे स्वरूप व शैली, लेखनाचा सराव, आणि भाषा-प्रयोगशाळेत घ्यावयाचा मौखिक संवाद. वाचनासाठी सुचविलेल्या ग्रंथांत मायकेल स्वॉन यांचा इंग्रजीच्या वापरावरील कोश, एफ. टी. वुड यांचे उपचारात्मक व्याकरण, विल्यम झिन्सर यांचे ललितेतर लेखनावरील पुस्तक, हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व परदेशी भाषा संस्थेच्या उच्चारविषयक स्वाध्यायिका यांचा समावेश आहे. चौथ्या घटकाविषयी मला विशेष आदर आहे. वर्णन, व्याख्या, वर्गीकरण, उदाहरण व पुरावा देणे या क्रिया तेथे नमूद आहेत, आणि याच क्रियांनी तांत्रिक गद्य उभे राहते. दुर्दैवाने त्यांना मिळालेली जागा लिंग-वचन-क्रियापदांच्या चुकांना मिळालेल्या जागेहून मोठी नाही.

या रूपरेषेतील दोन गोष्टी मात्र थांबून पाहण्याजोग्या आहेत. शब्दसंपदेच्या घटकात परकीय भाषांतून इंग्रजीत आलेल्या मूळ शब्दांचा परिचय करून द्यावा असे एक कलम आहे. म्हणजे लॅटिन आणि ग्रीक येथे उपस्थित आहेत. वर्गात बसलेल्या साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या तेलुगू, ओडिया, मराठी, मैथिली या भाषांचा मात्र सहाही घटकांत कोठे उल्लेख नाही. दुसरी गोष्ट ग्रंथयादीची. त्यातील प्रत्येक पुस्तक भाषेविषयी किंवा लेखनाविषयी आहे. अभियांत्रिकीच्या प्रत्यक्ष गद्याचा, म्हणजे मानकाचा, चाचणी-अहवालाचा, निविदेचा किंवा अपघाताच्या चौकशीचा एकही नमुना त्यात नाही. एकीकडे विद्यार्थ्याची भाषा वगळली आणि दुसरीकडे त्याच्या व्यवसायाची संहिता वगळली. मधे जे उरले त्याला इंग्रजी म्हटले आहे.

याचा परिणाम शब्दांच्या पातळीवरच दिसतो. याच घटकात समानार्थी शब्दांचा अभ्यास सांगितला आहे. सामान्य इंग्रजीत ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ हे जवळजवळ समानार्थी आहेत. याच विद्यार्थ्याला यामिकीच्या वर्गात शिकविले जाते की एक म्हणजे एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल आणि दुसरी म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल. पहिल्याला परिमाण आहे, दुसरी केवळ गुणोत्तर आहे. मराठीत बोलताना तो या दोहोंना, आणि ‘टेन्शन’लाही, बहुधा ‘ताण’ म्हणतो. परिभाषाकोशांनी प्रतिबल आणि विकृती हे पर्याय दिले आहेत. पण ते कोशातच राहिले, कारण इंग्रजी आणि मातृभाषा यांच्यामध्ये उभे राहून त्यांचा वापर करण्याचा प्रसंग अभ्यासक्रमाने कधी निर्माण केला नाही. तीन भाषिक व्यवस्था एका शब्दाभोवती एकमेकींवर आदळत आहेत, आणि इंग्रजीचा तास समानार्थी शब्दांची जोडी जुळवून संपतो आहे.

ही धारणा आली कोठून? इंग्रजी साहित्याचे अध्यापन वसाहतीच्या राज्यकारभारातून कसे आकाराला आले हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’मध्ये दाखविल्यापासून आपल्या ज्ञानशाखेत हा इतिहास परिचित आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात हाच वारसा निबंध-कथांच्या निवडक संग्रहांच्या रूपाने दीर्घकाळ वावरला. पुढे विशिष्ट प्रयोजनांसाठी इंग्रजी या चळवळीने त्याला आव्हान दिले. जॉन मन्बी यांच्या १९७८ च्या ग्रंथात विद्यार्थ्याच्या गरजांचा नकाशा काढण्याची काटेकोर पद्धत आहे : तो कोणाशी, कोठे, कोणत्या माध्यमातून, कोणत्या पातळीवर बोलणार. विद्यार्थ्याची मातृभाषा त्या नकाशात येते, परंतु जन्मतारखेसारखी, ओळखीचा एक तपशील म्हणून. तिचे काही काम असू शकते असे तेथे गृहीत धरलेले नाही. भारतात या चळवळीचा अर्थ मुलाखत, गटचर्चा आणि सादरीकरण असा आकुंचित झाला. नोकरी देणाऱ्याच्या दालनातील अर्धा तास हाच भाषिक गरजेचा मापदंड बनला. साहित्यवादी आणि कौशल्यवादी यांचा वाद आपल्या परिसंवादांतून वर्षानुवर्षे चालला, पण वर्गात एकच भाषा आहे या गृहीतकावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. (राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभे राहिलेले अभियांत्रिकी शिक्षण आणि १९५६ मध्ये बुद्धदेव बसूंनी सुरू केलेला तुलनात्मक साहित्याचा विभाग जादवपूर येथे एकाच विद्यापीठात नांदतात. आपल्या ज्ञानशाखेने शेजारच्या इमारतीकडे अधिक कुतूहलाने पाहिले असते तर बरे झाले असते.)

अभियंत्याचे इंग्रजी प्रत्यक्षात कोणते काम करते हे पाहण्यासाठी एक छोटी संहिता घेऊ. साध्या व प्रबलित काँक्रीटविषयीचे आयएस ४५६ हे भारतीय मानक स्थापत्य अभियंत्याच्या नित्य वापरातले. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत काँक्रीट ओले ठेवण्यासंबंधी एक कलम आहे. त्याचा आशय असा : साधे पोर्टलंड सिमेंट असल्यास किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असल्यास किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवणे बंधनकारक, उष्ण व कोरड्या हवेत ही मुदत दहा दिवसांपेक्षा कमी असता कामा नये, आणि मिश्र सिमेंटच्या बाबतीत ती चौदा दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस. दहा आणि चौदा या दोन आकड्यांमधील अंतर केवळ चार दिवसांचे नाही. आज्ञा आणि शिफारस यांमधील ते अंतर आहे. मानकांच्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. विद्यार्थी शाळेतून शिकून आलेला असतो ते वेगळेच : प्रथमपुरुषी भविष्यकाळात ‘शॅल’ लावावे. त्याच्या व्याकरणात जे कालवाचक आहे ते त्याच्या व्यवसायात आज्ञावाचक आहे, हे त्याला इंग्रजीच्या तासाला कोणी सांगितलेले नसते.

आता हेच कलम मराठीत आणू. ‘काँक्रीट दहा दिवस ओले ठेवावे’ असे आपण सहज लिहू. पण ‘ठेवावे’ हा विध्यर्थ आज्ञेलाही पुरतो, सल्ल्यालाही आणि सदिच्छेलाही. ‘शॅल’ आणि ‘शुड’ हे दोन्ही त्याच्या पोटात विरघळतात. बंधन दाखवायचे तर ‘ठेवलेच पाहिजे’ म्हणावे लागेल, शिफारस दाखवायची तर ‘ठेवणे इष्ट’. आणि येथे एक चकवा आहे. मराठी ‘पाहिजे’ व हिंदी ‘चाहिए’ ही रूपे घडणीने सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही जुन्या कर्मणी रूपांतून आलेली, दोन्ही इच्छेकडून कर्तव्याकडे सरकलेली. तरीही दोहोंचे बळ सारखे नाही. मराठीत ‘मारले पाहिजे’ हे सक्तीच्या जवळ जाते. हिंदीत ‘चाहिए’ अनेकदा सल्ल्यावर थांबते, आणि सक्तीसाठी ‘करना होगा’, ‘करना ही है’ अशा रचना लागतात. मराठीभाषक अभियंता बिहारहून आलेल्या गवंड्याला ‘दस दिन पानी मारना चाहिए’ असे सांगतो तेव्हा आपण बंधन घातले असे त्याला वाटते, आणि गवंड्याच्या कानी सल्ला पडतो. गवंडी ज्या क्रियेला ‘तराई’ म्हणतो तिला हा ‘पाणी मारणे’ म्हणतो आणि मानक आणखी तिसरेच काही म्हणते, ही अडचण त्यामानाने किरकोळ. नामे लवकर शिकून होतात. क्रियापदाचा अर्थ मात्र न कळत निसटतो, आणि त्याचा परिणाम छतात उतरतो.

या निसटण्याची किंमत किती असू शकते हे भोपाळने दाखविले आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती झाली. शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोरा जोडणीतून निघालेला होता, देखभालीवरील खर्च आणि माणसे कमी करण्यात आली होती. दुर्घटनेची कारणे तेथे आहेत, आणि भाषेला ती जबाबदारी देऊन कोणाची सुटका करता येणार नाही. परंतु कार्यपद्धतीच्या पुस्तिका आणि सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि ती यंत्रे चालविणाऱ्यांपैकी अनेकांचे इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे होते, हेही नंतरच्या शोधातून पुढे आले. त्या पुस्तिका इंग्रजी म्हणून निर्दोषही असतील. अभ्यासक्रमाच्या सहा घटकांच्या कसोटीवर त्या उत्तीर्णच झाल्या असत्या. त्या कोणाकडून वाचल्या जाणार आहेत हा प्रश्न त्या कसोटीत बसत नाही.

अभियांत्रिकी आणि देशी भाषा यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली चाललेल्या अभियंता-शाळेत शिक्षण मराठी व गुजरातीतून होते, आणि त्यासाठी गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविले गेले. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला तेव्हा जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने. त्याच वर्षी रुडकीला महाविद्यालय निघाले. तेथे वरच्या श्रेणीचे शिक्षण इंग्रजीतून आणि कनिष्ठ श्रेणीच्या देशी कर्मचाऱ्यांचे देशी भाषेतून अशी व्यवस्था होती. रुडकीची ही उतरंड लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण अनुवादाचा आग्रह धरणाऱ्या कोणालाही तिचा धोका आहे. वरून खाली सूचना पोचविण्यापुरती देशी भाषा वापरली तर दीडशे वर्षांपूर्वीचीच श्रेणी नव्या शब्दांत परत येते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की अनुवाद हा घटक अभ्यासक्रमात यावा आणि तो दोन्ही दिशांनी चालावा. युरोपच्या २००१ च्या सामायिक भाषा-आराखड्यात ग्रहण, निर्मिती आणि आंतरक्रिया यांच्या जोडीने मध्यस्थी ही चौथी भाषिक क्रिया मानली आहे. हेन्री विडोसन यांनी १९७८ मध्येच विज्ञानाच्या इंग्रजीसाठी अनुवादाचा पुरस्कार केला होता : विद्यार्थ्याला विज्ञान त्याच्या भाषेत अंशतः ठाऊक असते, त्या ठाऊक असण्याचा उपयोग करून घ्यावा. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हा अनुवाद आजही घडतो आहे. पहिल्या वर्षाच्या कर्मशाळेत निदेशक कानस कशी धरावी, रंधा कोणत्या बाजूने ओढावा हे प्रादेशिक भाषेत सांगतो. त्याची नोंदवही इंग्रजीत लिहावयाची असते. ऐकले एका भाषेत, हातांनी केले, लिहिले दुसरीत. या प्रवासात कोणाचीच सोबत नसल्याने विद्यार्थी वरच्या वर्गातील कोणाची तरी वही उतरवून काढतो. इंग्रजीच्या प्रात्यक्षिकाचे दोन तास या वहीला दिले तरी पुष्कळ साधेल.

आक्षेप उघड आहे. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा अन्य राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. एका वर्गात दहा भाषा असतात आणि अध्यापकाला त्यांतील दोन येतात. यावर उपाय उलट-अनुवादाचा आहे. एका भाषेच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने मानकातील कलम आपल्या भाषेत, ते काम करणाऱ्या माणसासाठी लिहावे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते इंग्रजीत परत आणावे. अध्यापकाच्या हाती दोन इंग्रजी संहिता येतात आणि त्यांतील तफावत ओडिया न जाणणाऱ्यालाही वाचता येते : दहा दिवस टिकले, ‘शॅल’ हरवला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत केलेल्या प्रयोगाची येथे आठवण होते. त्यांनी भाषिक घटकांच्या यादीऐवजी विचार करायला लावणाऱ्या कृतींचा अभ्यासक्रम रचला होता. त्या प्रयोगाचे पुनरुज्जीवन अभियांत्रिकीत व्हावयास हवे होते. ते झाले नाही याचे कारण मला परीक्षापद्धतीत दिसते. चुका ओळखा, हा प्रश्न तपासायला सोपा आहे.

उलट दिशेचे काम अधिक कठीण आहे. यंत्र चालविणारा माणूस ‘आवाज बदललाय’ एवढेच म्हणतो. त्या दोन शब्दांत किती काळापासून, कोणत्या भाराला, आधीच्या कोणत्या आवाजाच्या तुलनेत, हे सारे ज्ञान दडलेले असते. ते प्रश्न विचारून बाहेर काढणे आणि इंग्रजी अहवालात असे मांडणे की वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा, आणि तरीही ते निरीक्षण कोणाचे होते हे पुसले जाऊ नये. या कामाला आख्यान, निवेदक, दृष्टिकोन या संकल्पनांची जाण लागते. साहित्याच्या अध्यापकाची गरज येथे पडते, आणि ती संग्रहातील कथा समजावून सांगण्यासाठीच्या गरजेपेक्षा अधिक खरी आहे.

अण्णा विद्यापीठाने २०१० मध्ये स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीचे तमिळ माध्यमातील वर्ग सुरू केले. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, बांगला या भाषांतून पदवीशिक्षणाला परवानगी दिली. या वर्गांतील विद्यार्थ्याला मानके, यंत्रांच्या पुस्तिका आणि संशोधन बव्हंशी इंग्रजीतच भेटणार आहे. त्याच्यासाठी इंग्रजीचा विषय कोणत्या स्वरूपाचा असावा, हा प्रश्न माध्यमाच्या वादात मागे पडला आहे. त्याच्या पहिल्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत मानकातील एक परिच्छेद, त्याचा विद्यार्थ्याच्या भाषेतील एक सदोष अनुवाद आणि ‘या अनुवादानुसार काम केल्यास बांधकामात काय बिघडेल ते इंग्रजीत लिहा’ असा वीस गुणांचा एक प्रश्न घालून पाहावा.