पहाऱ्यावरचा माणूस

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती!' ही कथा शिकवीत होतो. मुळशी तालुक्यातले आमचे महाविद्यालय. भातलावणीचे दिवस असल्यामुळे निम्मी बाके रिकामी होती. कथेचा निवेदक सोबतच्या माणसांत मिसळतो, पण स्वतःविषयी एक अक्षर सांगत नाही. असा माणूस नात्यांत कसा वावरत असेल, असे मी विचारले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, तो सासुकेसारखा आहे. त्याचं पण लहानपणी सगळं गेलेलं असतं. म्हणून तो कुणाला जवळ येऊ देत नाही."

वर्ग हसला. मला सासुके ठाऊक नव्हता. आमची मुले रात्री मोबाइलवर जपानी चित्रमालिका पाहतात, त्यांतला तो एक नायक. मी ती मालिका पाहिली, कारण विद्यार्थ्याने दिलेले उत्तर तपासून पाहणे हे शिक्षकाचे काम आहे. आता असे वाटते की त्या मुलाचे उत्तर अर्धे खरे होते, आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या समीक्षेचीही एक जुनी चूक लपलेली आहे.

मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' ही चित्रकथा 1999 ते 2014 या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यावरून काढलेली मालिका 2002 पासून दाखवली जाऊ लागली. सासुके हा उचिहा कुळातला मुलगा. हे कुळ गावाच्या पोलिसाचे काम करते. पण गावावर एक मोठे संकट येते, संशय उचिहांवर जातो आणि त्यांची वस्ती गावाच्या कडेला हलवली जाते. गावाची राखण करायची आणि राहायचे कडेला, ही व्यवस्था वेसकराच्या नातवाला समजावून सांगावी लागत नाही. पुढे एका रात्रीत सासुकेचा थोरला भाऊ इताची सगळ्या कुळाची कत्तल करतो. लहानगा सासुके तेवढा जिवंत ठेवला जातो. कत्तलीचा हुकूम गावाच्या कारभाऱ्यांचाच होता, हे त्याला फार उशिरा कळते.

या मुलाचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे दारे लावून घेणे आहे. नारुतो त्याचा सोबती, साकुरा त्याच्यावर जीव टाकणारी. पण कुणी जवळ आले की तो दूर सरतो. माया लागली तर सूड घेण्याचे बळ ओसरेल, ही त्याला भीती. शेवटी तो गाव सोडतो. माझ्या विद्यार्थ्याला हे नेमके दिसले होते. मिटलेल्या माणसाला 'घमेंडी' म्हणून निकालात न काढता त्याच्या मागे काय घडले ते विचारावे, हे त्या पोराला कुणी शिकवले नव्हते.

पण येथे एक भेद आहे. सासुकेचे दुःख साऱ्या गावाला ठाऊक आहे. तो कत्तलीतून वाचलेला शेवटचा उचिहा आहे, हीच त्याची ओळख आहे. त्याच्या नावाला मान आहे, मुली त्याच्यावर भाळतात. त्याने दुःख सांगितले तर कुणी त्याला मारणार नाही. उलट जवळ घेईल. त्याचे मौन हे त्याने निवडलेले मौन आहे. बागुलांच्या निवेदकाला अशी निवड कुणी देऊ केली होती?

दुःखाच्याही दोन जाती असतात, असे मला मुळशीत राहून वाटू लागले आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात येथे सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. गावे पाण्याखाली गेली, पण ते दुःख येथे अभिमानाने सांगितले जाते. बुडालेल्या गावाचा माणूस आपल्या गावाचे नाव छाती पुढे करून सांगतो आणि ऐकणारा मान लववतो. हे दुःख सांगितल्याने सांगणाऱ्याची उंची वाढते. दुसरे दुःख असे असते की ते सांगताच खोली जाते, पंगत जाते, मैत्री जाते. पहिले दुःख माणसाला इतिहास देते. दुसरे त्याला सतत आजूबाजूला पाहत राहायला लावते.

बागुलांचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला येतो. रणछोड त्याला जागा मिळवून देऊ पाहतो आणि ओघात जात विचारतो. निवेदक जात सांगत नाही. प्रश्नावरच उसळतो, नव्या भारताची भाषा बोलतो, आणि त्या तेजाने विचारणाराच ओशाळतो. येथून नात्यांना सुरुवात होते. रामचरण तिवारीला हा शहाणा, बोलका माणूस आवडू लागतो. कथेतली खरी यातना शेवटच्या मारहाणीत आहे असे सगळे मानतात. मला ती आधीच्या जिव्हाळ्यात दिसते. समोरचा प्रेम देतो आणि घेणाऱ्याला ठाऊक असते की हे प्रेम दुसऱ्याच कुणाच्या नावावर आलेले आहे, आपल्याकडे ते चुकून पोचले आहे. मैत्री जितकी वाढते तितका धोका वाढतो. इतरांना माया मिळाली की ते निर्धास्त होतात. हा मात्र अधिक सावध होतो. पुढे जात कळते आणि ज्यांच्यात उठबस होती तेच हात उगारतात.

1963 साली हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. पण या कथेची घटना तिच्याहून जुनी आहे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत ही हकिगत आहे आणि तिच्यात काठ्यांपेक्षा दोन मित्र जास्त टोचतात. एक हिंदू, एक ख्रिस्ती. आसऱ्यासाठी ते दोघांना विचारतात. एक म्हणतो, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा बायकोच्या मतावर सोपवतो आणि त्यातून जे निघायचे तेच निघते. कोलंबियातून शिकून आलेल्या त्या माणसाने रात्रीची मुंबईची गाडी पकडली. बडोदे आणि उधना एकाच लोहमार्गावर आहेत. मधली वर्षे गेली, स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. तरी दाराशी विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला.

आपली प्रस्थापित समीक्षा अशा नायकाला 'न्यूनगंडाने पछाडलेला' म्हणत आली. आजची भाषा जरा सौम्य झाली आहे. आता 'बालपणीचा आघात' म्हणतात. शब्द बदलला तरी रोख बदललेला नाही. दोन्हींत दोष त्या माणसाच्या मनात शोधला जातो. जणू जे घडायचे ते पूर्वी घडून गेले, त्याचा वण तेवढा उरला, आणि कुणी प्रेमाने हात फिरवला की वण बुजेल. माझे म्हणणे असे की दलित नायकाच्या मिटलेपणाला वण म्हणणे चूक आहे. तो पहारा आहे. शत्रू निघून गेल्यावरही जागत राहणाऱ्याला आपण भ्रमिष्ट म्हणू. पण शत्रू दाराशी उभा असताना जागणाऱ्याला काय म्हणायचे? उधन्याला जे घडले त्यावरून निवेदकाची भीती खरी ठरली. ती आजार असती तर खोटी ठरली असती.

मात्र एवढ्यावर थांबलो तर मीही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. पहारा देणाऱ्याला माणसे निवडता येत नाहीत. अंधारात सावली दिसली की तो काठी उचलतो. सावली सोयऱ्याची असली तरी. हे ज्याने निर्दयपणे लिहिले तो लेखक दया पवार. 1978 च्या 'बलुतं'ची रचनाच पाहा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवारला. एकाच माणसाचे हे दोन भाग. एक गावकुसाबाहेरचा, एक पांढरपेशा जगात वावरणारा. ज्याला विश्वासाने बोलायला स्वतःशिवाय कुणी नाही, त्याने स्वतःचेच दोन तुकडे करून एकाला ऐकायला बसवले आहे. समीक्षकांनी याला निवेदनाचे तंत्र म्हटले. मला ती एकटेपणाची परिसीमा वाटते.

आणि हाच दगडू आपल्या बायकोवर, सईवर, संशय घेतो. जगाने त्याच्यावर जो अविश्वास लादला तो त्याने घरात आणून सईच्या पदरात टाकला. संसार मोडतो. येथे शत्रू दाराशी नव्हता. पहारा आतल्या बाजूला वळला होता. दया पवारांचे मोठेपण असे की त्यांनी हे झाकले नाही आणि जातिव्यवस्थेच्या नावावर खपवलेही नाही. व्यवस्थेने मला असे केले, हे खरे. पण सईचे काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही उरतो. दलित पुरुषाच्या पहाऱ्याची किंमत किती वेळा दलित स्त्रीने मोजली, हे आपण अजून नीट विचारलेले नाही.

हे लिहिताना मला स्वतःला बाहेर ठेवता येत नाही. एम.ए.ला असताना पुण्यात खोली शोधीत होतो. आडनाव विचारले की पुढचे बोलणे थांबे. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर मी आडनावाच्या जागी गावाचे नाव सांगायला शिकलो. आईबाप न शिकलेले. त्यांनी काढलेल्या कर्जावर शिकत होतो, परत जाणे शक्य नव्हते. त्या खोलीत दोन वर्षे एक सोबती होता. त्याच्या आईने पाठवलेला डबा आम्ही दोघे खात असू. मी कधी त्याला माझ्या घरी नेले नाही. दर सुट्टीला नवे निमित्त काढले. पुढे त्याला कळले, दुसऱ्या कुणाकडून. तो चिडला नाही. एवढेच म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

बहुधा काही बिघडले नसते. पण हे मला आधी कसे कळावे? ते तपासून पाहण्याची किंमत त्याला शून्य होती. मला ती खोली होती, पदवी होती. तरीही त्याचा प्रश्न अन्यायाचा होता असे मला म्हणवत नाही. दोन वर्षे त्याने ज्याच्याशी मैत्री केली तो माणूस पुरता मी नव्हतो. मी त्याचेही काही चोरले होते.

'नारुतो'चा शेवट गोड आहे. दोघे मित्र अखेरची झुंज देतात, दोघांचाही एकेक हात जातो, आणि नारुतोच्या चिवट मैत्रीपुढे सासुके नमतो. मित्र असावा तर असा. पण कत्तलीचा हुकूम देणाऱ्या मंडळातला एक कारभारी सासुकेच्या हातून मरतो. उरलेल्यांचा गाव कधी न्याय करीत नाही. सासुकेने गावाला माफ केले. गावाने आपला गुन्हा कबूल केला का? मित्राच्या प्रेमाने माणूस उघडतो हे मला मान्य आहे. पण गावाचे कर्ज मित्राने फेडावे, ही मागणी मित्रावरही अन्याय करते.

बागुल हा शेवट देत नाहीत. त्यांच्या कथेत काशिनाथ सकपाळ आहे. तोही महार, तोही कामगार. पण तो जात लपवीत नाही, अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जातो. निवेदक त्याच्यापासून अंतर राखतो, कारण त्याच्याजवळ दिसणे धोक्याचे. आणि मार पडू लागतो तेव्हा धावून येतो तो काशिनाथच. साऱ्या कथेत हे एकच नाते असे आहे की ज्यात निवेदक खऱ्या नावाने उभा आहे. तरीही मार खाऊन उठलेला निवेदक ज्याला जबाबदार धरतो तो मनू आहे, समोरचे कामगार नव्हेत. वेदनेच्या त्या क्षणीही त्याची नजर व्यवस्थेवर ठरते. अशा माणसाला 'मिटलेला' म्हणायचे?

पुढच्या तासाला मी त्या मुलाला हे सगळे सांगितले. माझ्या खोलीची गोष्टही. वर्गात आडनावासह ती मी पहिल्यांदाच सांगत होतो. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारले, "सर, त्या मित्राला नंतर घरी नेलं का?"

नाही नेले. या सुट्टीत त्याला पत्र टाकायचे ठरवले आहे.