करविले कोणी, केले कोणी?

श्रवणबेळगोळ येथील गोम्मटेश्वराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बरेचसे लेखन मूर्तीच्या उंचीपाशीच थांबते. कर्नाटकातील विंध्यगिरी या टेकडीचा माथा कोरून इ. स. 981 च्या सुमारास घडविलेली ही सुमारे 57 फुटांची बाहुबलीची मूर्ती भव्य आहे, यात शंका नाही. आम्हांस तिचे मोल अन्यत्र दिसते. बंधू भरतावर विजय मिळवूनही बाहुबलीने राज्य त्यागले, ही जैन परंपरेतील कथा शिल्पकाराने आवेशाचा लवलेशही न आणता सांगितली आहे. पायांशी वारुळे, अंगावर चढलेल्या वेली, अर्धोन्मीलित नेत्र. एवढ्यातच दीर्घ काळ आणि निश्चलता साकार होतात. गुडघ्यांखालील भाग खांद्यांच्या मानाने आखूड आहे, हा दोष खरा. पण मुद्रेवरील प्रशांती त्याने ढळत नाही.

त्यागाच्या या मूर्तीच्या पायांशी मात्र सत्ताधाऱ्यांची नावे आहेत. मराठीच्या आद्य शिलालेखांत गणल्या जाणाऱ्या तेथील लेखात गंगांचा मंत्री व सेनापती चामुंडराय आणि बाराव्या शतकातील होयसळांचा सेनापती गंगराज यांचा उल्लेख येतो. एकाने मूर्ती करविली, दुसऱ्याने सभोवतालचा प्राकार. ‘करविणे’ हे प्रयोजक क्रियापद होय. ज्या हातांनी प्रत्यक्ष ‘केले’, त्यांना या लेखात स्थान नाही. परंपरेलाही ही उणीव जाणवली असावी. चामुंडरायाने गर्वाने केलेला अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका दरिद्री वृद्धेच्या चिमूटभर पात्रातील दुधाने तो पूर्ण झाला, अशी कथा सांगतात. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही गोम्मटासमोर उभी आहे. कथेने भक्त स्त्रीला न्याय दिला. पाथरवट मात्र अनामच राहिला.

येथे बौद्ध लेण्यांकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नामक सोनाराने ‘केली’ असे कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण रूपकर्म केल्याचे नोंदविले आहे. श्रमणाऱ्या माणसाला आपल्या कृतीचा कर्ता म्हणून उभे राहता आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि यावरून आम्ही श्रेष्ठत्वाचा दावा करणार नाही. आमच्याही लेण्यांतील बहुसंख्य लेख दात्यांचेच आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगणारा लेखही श्रेष्ठी भूतपालाचे नाव मिरवितो. ते खोदणाऱ्यांचे नव्हे.

म्हणून गोम्मटेश्वराकडे परक्यांचे देवत म्हणून पाहणे आम्हांस मान्य नाही. श्रमण परंपरेच्या दुसऱ्या शाखेचे हे शिल्प आपल्यासमोरही आरसा धरते. आज गावोगावी विहारे उभी राहतात, बुद्धमूर्ती बसविल्या जातात. तेथील संगमरवरी फलकांवर देणगीदारांची नावे रकमांसह झळकतात. मूर्तिकार, गवंडी, पाथरवट यांची नावे क्वचितच आढळतात. ज्यांच्या श्रमाला या देशाने शतकानुशतके नाव नाकारले, त्यांच्याच वारसांनी उभारलेल्या विहारात हे घडावे, याची खंत वाटते. बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीने माणसाला प्रतिष्ठा दिली. त्या प्रतिष्ठेची एक ओळ फलकावर कोरण्यास फारसा खर्च येत नाही.